शाळकरी मापाच्या बांगड्या

सुमनबाई सगळ्यांना वरण तळापासून ढवळून वाढायच्या आणि स्वतः वरचं पाणी घ्यायच्या. करपलेली भाकरी त्यांची. भूक लागली की चहा.

ताडकळसच्या बाजारात कासारानं त्यांना शाळकरी पोरींच्या मापाच्या बांगड्या भरल्या. "हात लय नाजूक हाय, मावशी." त्या आठवडाभर खूश होत्या. शेजारची श्रद्धा नुकतीच मराठी घेऊन बी.ए. झाली होती. ते हात पाहून तिनं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कुपोषण.

"ते लेकरांला होतंय," सुमनबाई म्हणाल्या. "मला नातवंडं हायेत."

रोज मूठभर शेंगदाणे खायचं मात्र कबूल केलं. त्या शेंगा फोडत बसायच्या, येणारा-जाणारा दाणे उचलायचा.

"तुमी खाल्ले का?" श्रद्धा विचारायची.

"सगळ्यांचं होऊ दे, मंग मी हायेच की."

त्या गेल्या तेव्हा सुपातले दाणे संपले होते, आणि निम्म्या शेंगा फोडायच्या राहिल्या होत्या.