विहिरीच्या पाण्यातला वाळा

लोणावळ्याजवळच्या आमच्या भाजे गावात वीकेंडला आलेली पोरं हमखास विचारतात, "इथं काही अमानवीय वगैरे आहे का हो?" माझं उत्तर ठरलेलं... आहे ना, रविवारचं पार्किंग! सांगायचा मुद्दा, मी त्यातली नाही. फूड टेक्नॉलॉजी शिकलेली पोरगी आहे. कुणी काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, सॅम्पल कुठाय? त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण लिहिते. हसायचं तर खुशाल हसा.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑगस्ट संपत आलेला, आणि मास्टर्ससाठी मी नेदरलँड्सला निघायला चार दिवस उरलेले. एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मला मोठा ताप येऊन गेला, त्यात मला वास येणं जे बंद झालं ते झालंच. वास नाही म्हणजे चवही नाही. गोड, खारट, आंबट, कडू... बास, जीभ तेवढ्यावर थांबायची. डोळे मिटून चहात आलं आहे की सुंठ हे सांगणारी मी! डॉक्टर म्हणाले, "येईल, किंवा नाही येणार." आणि ॲडमिशन कशाला घेतलेली? पेयांच्या चवीचा अभ्यास करायला. पहिल्याच सेमिस्टरला वासाची प्रॅक्टिकल्स. फॉर्म भरताना वाटलेलं, तोवर येईल की. कसलं काय!

त्यात निरोपाचे सोहळे सुरू. माझी मैत्रीण स्नेहल घोरावाडीची, कॉलेजची तीन वर्षं आम्ही एकाच लोकलने ये-जा केली. तिनं 'जायच्या आधी पल्लवीनं प्यायच्या गोष्टी' अशी यादीच केली. घोरावाडी स्टेशनबाहेरचा आल्याचा चहा. लोणावळ्याच्या बाजारातली कोल्ड कॉफी. तळेगावच्या मामीचं पीयूष. मी प्रत्येक ठिकाणी "वाऽ, काय झालंय!" करत होते. मामीनं विचारलं, "जायफळ जास्त नाही ना गं झालं?" मी म्हटलं, "छे, अगदी परफेक्ट!" पाच मिनिटांनी मामी आतून ओरडली, "अगं बाई, जायफळ घालायचंच राहिलं की!" सगळे हसले. स्नेहल हसली नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे. त्या संध्याकाळी मी ॲडमिशन रद्द करायचा मेल लिहिला आणि ड्राफ्टमध्ये ठेवला. बुधवारी पाठवायचा, असं ठरवलं.

मंगळवारी सकाळी आबा, म्हणजे माझे आजोबा, टोपी घालून दारात उभे. "चला, हिरीवं जायाचं."

हे समजायला एक माहिती हवी. आमचं मूळ गाव पवनेच्या धरणात गेलं, तेव्हा आबा पंचविशीतले. घरं, शेतं, विहीर, सगळं पाण्याखाली. पण आमच्या घराची रीत राहिली... कुणीही लांब निघालं की गावच्या विहिरीचं पाणी पिऊन निघायचं. आत्या लग्न होऊन गेली, काका फौजेत गेला, सगळे पिऊन गेले. आता विहीर तळाशी, मग पाणी कसं काढायचं? आबा काठावर उभे राहतात, तुंग किल्ल्याचं टोक आणि आमच्या जुन्या देवाची टेकडी एका रेघेत धरतात, आणि त्या रेघेत लोटा बुडवतात. झालं विहिरीचं पाणी!

पप्पांच्या रिक्षातून आम्ही चौघं निघालो... पप्पा, आबा, मी आणि स्नेहल. दुधिवरे खिंडीत धुकं एवढं की पप्पांनी दिवसाढवळ्या हेडलाइट लावला. खाली उतरलो तर सगळं लख्ख, धरण काठोकाठ भरलेलं. आबा चपला काढून पाण्यात शिरले, एक डोळा मिटला, दोन पावलं डावीकडे, एक मागे.

पप्पा म्हणाले, "आबा, विहीर इथनं कितीतरी आत आहे. वर चाळीस फूट पाणी."

"आसंना का. पानी येकच हाय न्हवं?" आबांनी लोटा भरून माझ्यापुढे धरला. "पी. पोटभर पी."

न उकळलेलं, न गाळलेलं धरणाचं पाणी! माझं शिक्षण आतून बोंबलत होतं. म्हटलं, एक घोट घेऊ, म्हाताऱ्याचं मन राखू... नाहीतरी नाटक करण्यात आता आपण पटाईत. आणि घोट घेतला.

कसं सांगू? दोन वर्षं बंद असलेलं दार कुणीतरी धाडकन उघडलं. नाकात, घशात, डोक्यात वास. गार, हिरवा, ओल्या मुळांचा. मला रडू यायच्या आधी तोंडातून शब्द निघाले, "आबा, ह्यात वाळा टाकलाय?"

स्नेहलनं माझ्या हातातून लोटा घेतला, प्यायली. "साधं पाणी आहे गं. जरा मातकट." पप्पा प्यायले. साधं पाणी. मी पुन्हा तोंडाला लावला... काही नाही! त्याच लोट्यातलं, तेच पाणी.

"वाळ्याचं तुला कुनी सांगितलं?" आबांचा आवाज एकदम बारीक झाला. "माज्या आईनं लावलता. हिरीच्या पाटाला, दोनी अंगांनी. मी कुनापाशी बोललो न्हाई कदी." पप्पांनीही नकारार्थी मान हलवली. त्यांचा जन्मच भाज्यातला, त्यांनी ती विहीर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर, गाळानं भरलेलीच पाहिलेली.

मग मी तिथंच, गुडघाभर पाण्यात, सगळं ओकून टाकलं. ताप, वास, खोटं खोटं 'वाऽ वाऽ', ड्राफ्टमधला मेल. लाज वाटत होती आणि थांबताही येत नव्हतं.

आबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "वास गेलाता व्हय? आमाला वाटलं, शिकून शिकून पोरगी नाटकी झाली." आणि डोळे पुसत म्हणाले, "माज्या आईनं वाटंला लावलीया तुला. आता मागं फिरू नगंस."

परतीच्या वाटेवर खिंडीत पुढच्या ट्रकचा धूर नाकात गेला आणि मी रिक्षात ओरडलेच, "डिझेल!" डिझेलसाठी एवढं आनंदानं कुणी ओरडलं नसेल. गुरुवारपर्यंत आलं आलं, कॉफी आली, मामीनं खास पुन्हा केलेल्या पीयूषातलं जायफळ आलं. ते या वेळी खरंच जास्त झालं होतं, आणि मी तसं सांगितलं. मेल डिलीट केला.

नेदरलँड्सला आल्यावर इथल्या डॉक्टरांना विचारलं. गेलेला वास असा अचानक परत येऊ शकतो म्हणाले. बरं, मान्य. पण जे पाण्यात नव्हतंच, त्याचा वास पहिला कसा आला? यंदा मे महिन्यात पाणी उतरल्यावर पप्पांनी जाऊन फोटो पाठवले. आबांची रेघ बरोब्बर विहिरीवरून जाते. आत गाळ, कडेला तडकलेली माती. वाळ्याची एक काडी नाही. सॅम्पल म्हणून माझ्याकडे काहीच नाही.

त्या फोटोंनंतर मी आबांना फोन केला. इतके दिवस विचारायचं राहिलेलं विचारलं, "आबा, तुम्ही इतक्या वेळा ते पाणी प्यायलात. तुम्हाला कधी आला तो वास?"

आबा म्हणाले, "न्हाई गं. परत्येक येळंला वाटायचं, आज येईल. येकदा बी न्हाई आला." आणि मग हळूच, "कसा व्हता गं? सांग की मला."

इथं आम्हाला वासाचं वर्णन करायला शिकवतात, त्याचे तक्ते असतात. त्यातलं मला काही आठवलं नाही. मी सांगत गेले, गार होता आबा, माठाच्या बाहेरच्या अंगासारखा, आणि मुळं उपटल्यावर हाताला राहतो तसा, आणि शेवटी थोडा गोडसर...

"व्हय," आबा म्हणत होते. "व्हय, व्हय. त्योच." आणि मी सांगत राहिले.