दुसरी सायकल
आज शेजारच्या घरातून गव्हाचा चीक शिजल्याचा आंबूस वास आला, आणि भिलाईतली ती दुपार आठवली. कारखाना उभा राहत होता, चहूकडे मुरमाची लाल धूळ होती, आणि भंडाऱ्याकडच्या खेड्यातून उन्हाळ्यात मावशीकडे आलेल्या मला ती हिंदी बोलणारी वस्ती परदेशच वाटायची. गल्लीतल्या आमच्याकडच्या बायका मिळून एकेका घरच्या कुरड्या घालायच्या. त्या दिवशी पाळी शेजारणीची होती. ती चुलीवरचा चीक हाटत होती, मावशी सोऱ्या दाबून खाटेवरच्या धोतरावर कुरड्या घालत होती आणि मी चिमण्या हाकत होते. कारखान्याची सुट्टी व्हायला अजून वेळ होता, तरी गल्लीच्या टोकाला मावसाजी दिसले. दोन हातांत दोन सायकली धरून ते पायी येत होते. "हे दोन सायकली घेऊन कावून येऊन राहिले?" मावशी पुटपुटली आणि तिचा हात थांबला. दुसरी सायकल शेजारणीच्या नवऱ्याची होती. "भाऊले ऊन लागलं, वहिनी," मावसाजी कसेबसे म्हणाले, "दवाखान्यात नेलं, पण वाचले नाई." शेजारणीनं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं त्या सायकलच्या हँडलला अडकवलेला जेवणाचा डबा काढला, हातात तोलून पाहिला. "भरेलच हाये," ती म्हणाली, "जेवले कावून नाई?" मागं चुलीवर चीक करपत होता. पुढे माझं लग्न भिलाईतच झालं, आणि नवरा रिटायर होईपर्यंत, तो कामावरून आला की मी आधी त्याचा डबा हातात घेऊन बघायचे, हलका आहे ना.