याके विरुपाक्ष

नळदुर्गात विरुपाक्षाला आडनावानं कुणी ओळखत नाही. तो 'याके'. कन्नडमध्ये याके म्हणजे 'का'. लहानपणी या पोराच्या तोंडी दुसरा शब्दच नव्हता. आई, चन्नम्मा, भाकरी थापता थापता वैतागून म्हणायची, "माझं डोकं खाऊ नको, त्या दिव्यालाच इचार." दिवा काही बोलायचा नाही आणि पोरगं काही गप्प बसायचं नाही.

आता तो हमरस्त्यावरच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळतो. सगळ्या खोल्यांतल्या फायलींची दुसरी प्रत ज्या बॅकअपच्या पेटीत साठते, ती त्या रविवारी बंद करून जुन्या डिस्क बदलायच्या होत्या. अणदूरचा खंडोबा नळदुर्गाला निघतो, तेव्हा दोन्ही गावं बसून बोलल्याशिवाय देव हलत नाही. विरुपाक्षही तसाच खोलीखोलीत विचारून आला. काम थांबवलंय, असं सगळ्यांनी सांगितलं. तरी फायली येत असल्या की लुकलुकणारा पेटीचा हिरवा दिवा लुकलुकतच होता.

दवाखान्याच्या डॉक्टर महेश्वरी मॅडमना घाई होती. बॅकअपच तर आहे, मूळ फोटो एक्स-रेच्या खोलीत आहेतच, काढ वायर, असं त्यांचं म्हणणं. तेही काही चुकीचं नव्हतं. पण त्या फोटोंत चन्नम्माच्या छातीचेही होते. जुना डाग वाढला की नाही, हे डॉक्टर दर खेपेला त्यांच्याशीच ताडून बघत. विरुपाक्षानं वायरीकडं नेलेला हात मागं घेतला.

"मॅडम, सगळे थांबलेत, तर ह्यो दिवा कुणासाठी जागा हाय?"

मग त्यानं एकेका खोलीची वायर काढून पाहिली. एक्स-रेची काढली आणि दिवा थांबला. जाऊन बघतो तर काय, तिथला कॉम्प्युटर मागंच बिघडला होता. दुरुस्तीवाल्यानं जुने-नवे सगळे फोटो परस्पर पेटीत जातील अशी सोय करून दिली होती आणि सांगायचं मात्र राहून गेलं होतं. सकाळचे फोटो अजून तिकडंच चालले होते. मूळ प्रत नव्हतीच. जिला सगळे दुसरी समजत होते, तीच एकुलती एक होती.

त्यानं वायर परत लावली आणि उरलेले फोटो जाऊ दिले. मग सगळं दोन नव्या डिस्कवर उतरवून घेतलं. दोन्हींवर आईचे फोटो उघडून डोळे भरून पाहिले. त्यानंतरच पेटी बंद केली.

घरी त्यानं सगळं सांगितलं, तसे चन्नम्माचे पिठातले हात थांबले.

"मंग तुला कळलं कसं?"

"दिव्याला इचारलं, अव्वा."

"एवढ्या वर्षांनी बोलला म्हण की," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.