खाडीच्या पाण्यानं धुतलेला अंगठा

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी खाडीत कालवं काढताना हिराबाईंचा अंगठा शिंपल्यानं कापला. रीतीप्रमाणे त्यांनी तो खाडीच्याच पाण्यात धुतला आणि काम चालू ठेवलं.

आठवड्यात अंगठा काळा पडला. तपासणीचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "मावशी, या जंतूंवर नेहमीची औषधं चालत नाहीत. जखमेला पाणी कुठलं लागलं?"

"खाडीचं. खाऱ्या पाण्यानं जखम सुकते, एवढं शिकवलं नाय तुमाला?"

"सुकायची, मावशी. आता नाही."

वरच्या अंगाला औषधांचा कारखाना आहे. त्याचं सांडपाणी याच खाडीत उतरतं. त्यातली औषधं थोडीथोडी पचवत जंतू निर्ढावतात, हे कितीदा छापून झालं. पाणी तपासा म्हटलं, की एक कार्यालय दुसऱ्याचा पत्ता देतं. समुद्र सगळं पोटात घेतो, असं आपण म्हणतो. त्या पोटातून काय परत येतं, ते पाहायला कोणी जात नाही.

अंगठ्याचं पेर कापावं लागलं.

काल ओहोटीला खडकावर कालवं काढताना सुनेचं बोट कापलं. ती पाण्याकडे वाकली, तशा हिराबाई ओरडल्या, "थांब गो!" सोबत आणलेली पिण्याच्या पाण्याची बाटली त्यांनी तिच्या बोटावर रिकामी केली. ओहोटी संपेपर्यंत दोघी तहानलेल्याच होत्या.