पुढच्या चौकीवर कोण होतं?

मराठीच्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' नावाचा एक प्रश्न असतो. त्यात विद्यार्थ्याने स्वतःचं मत लिहायचं असतं. ते मत मी फळ्यावर लिहून देतो. नारायण पेठेतल्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलं वर्षानुवर्षं माझ्या मतांवर पास होत आली आहेत.

यंदा बारावीला एका सैनिकाची कथा होती. पहाऱ्यावर असताना त्याला ओढ्याकाठी शत्रूचा जवान दिसतो. पोरसवदा, धुक्यात वाट चुकलेला, पाणी पीत असलेला. सैनिक बंदूक खाली करतो, त्याला जाऊ देतो आणि अधिकाऱ्याला सांगतो, "कोणी दिसलं नाही." कथा तिथे संपते.

मी फळ्यावर लिहिलं : सैनिकाने कर्तव्यापेक्षा माणुसकी श्रेष्ठ मानली, म्हणून तो मला आदर्श वाटतो.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, 'मला' म्हणजे तुम्हाला की आम्हाला?"

"परीक्षेत तुम्हाला," मी म्हटलं.

सराव परीक्षेत तो सगळ्यांना आदर्श वाटला. एका मुलीला वाटला नाही. लोणी काळभोरहून बसने येणारी, वर्गात सहसा न बोलणारी मुलगी. तिने लिहिलं होतं : "त्याने गोळी झाडली नाही हे मला आवडलं. पण तो खोटं का बोलला? तो जवान पुढे गेला असेल. पुढच्या चौकीवर कोण होतं? त्यांना कोणीच सावध केलं नाही. दया याने केली आणि धोका त्यांना."

नमुना उत्तराशी यातला एकही मुद्दा जुळत नव्हता. नियमाने चारपैकी एक गुण बसत होता. मी चार दिले. मला फार बरं वाटलं. घरी जाताना अमृततुल्यात चहा घेतला, सोबत क्रीमरोलही.

पेपर वाटले त्या दिवशी जिन्यात ती मैत्रिणीला सांगत होती, "बोर्डातपण आपलं आपलंच लिहायचं. सरांना चालतं."

सरांना चालत होतं, पण बोर्डाचा पेपर सर तपासणार नव्हते. तिथे माझ्यासारखाच कोणीतरी असणार होता, आणि अनोळखी मुलीला मी स्वतः एकच गुण दिला असता. तिला डी.एड.ला जायचं होतं. तिथे बारावीचे गुण बघतात.

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"बोर्डात फळ्यावरचं लिही."

"का? माझं चुकलं होतं का, सर?"

"नाही. बरोबर होतं."

"मग?"

"तिथे तपासणारे वेगळे असतात."

"म्हणजे पुढच्या चौकीवर कोण आहे ते तुम्हाला माहीत होतं."

मी हो म्हणालो. शेजारच्या टेबलावरून इंग्रजीच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "बरं झालं सर, आपण सैन्यात गेला नाहीत."

मुलीने पेन काढलं. "परत सांगा. तेव्हा मी उतरवून घेतलं नव्हतं."

मी सांगत गेलो. 'आदर्श वाटतो' लिहून झाल्यावर ती थांबली.

"सर, माझी एक ओळ घालू? नुसता प्रश्नच आहे."

"घाल," मी म्हटलं. "पण अगदी शेवटी. तिथपर्यंत कोणी वाचत नाही."