दुसऱ्याच्या नावाने रडणं

आई गेली तेव्हा मी रडले नाही. पुण्याहून भावाचा फोन आला, त्या वेळी मी इथे परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरातल्या आमच्या घरी पोळ्या लाटत होते. मी पोचेपर्यंत सगळं आटोपणार होतं, म्हणून गेले नाही. राहिलेल्या पोळ्या लाटल्या. भेटायला आलेल्या मैत्रिणी रडल्या, मी त्यांना चहा दिला. आज येईल, उद्या येईल, अशी रडण्याची वाट बघता बघता सगळा हिवाळा गेला, आणि मला स्वतःचीच भीती वाटू लागली.

अशात मुलीच्या शाळेत ग्रीकांच्या जुन्या युद्धकथेवर नाटक बसलं. तिला काम मिळालं युद्धात पकडून आणलेल्या बाईचं. दोन मोठे योद्धे तिच्यावरून भांडतात. तिचं काय म्हणणं आहे, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही, त्यामुळे बराच वेळ नुसतं उभं राहायचं. पुढे छावणीत तिच्याशी चांगलं वागलेला एकुलता एक माणूस मारला जातो आणि ती त्याच्या प्रेतावर हंबरडा फोडते. मुलीला हंबरडा काही जमेना. शिंक अडकावी तसं व्हायचं.

"आई, शो मी. यू आर इंडियन," ती म्हणाली. हे कौतुक समजून मी हात पुसले.

प्रेत म्हणून आम्ही बीनबॅग आडवी टाकली. तिने मला समजावलं, की छावणीतल्या बाकीच्या पकडलेल्या बायकाही तिच्यासोबत रडतात. "दे प्रिटेंड इट्स फॉर हिम. ॲक्चुअली दे आर क्रायिंग फॉर देअर ओन पीपल." नाव त्याचं, रडायचं आपापल्या माणसासाठी. मला ही सोय फार पटली.

मी बीनबॅगपाशी बसले. पदर नव्हता, म्हणून हूडीची बाही तोंडाशी धरली आणि सूर लावला, "कुठे गेलास रे माझ्या राजा!" राजाशी माझी ओळख नव्हती, पण पहिली दोन वाक्यं झकास जमली. तिसऱ्याला घशातून जे निघालं ते मी काढलेलं नव्हतं.

मुलगी फोनवर रेकॉर्ड करत होती. "ओके आई, दॅट्स हीप्स," ती म्हणाली, म्हणजे एवढं पुष्कळ झालं. मला थांबता येईना. तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"आजी?" तिने विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. तिने बीनबॅग बाजूला ढकलली आणि मला कुशीत घेतलं.