धुऊन आलेला डबा

लालासाब मुल्लाणी यांचं बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करण्याचं लहानसं दुकान एसटी स्टँडच्या बाहेर आहे. बोर्डावर तेवढंच लिहिलेलं आहे. डबे सांभाळण्याचं काम बोर्डावर नाही आणि त्याचं ते काही घेतही नाहीत. कोल्हापुरात शिकायला राहिलेल्या मुलांचे दुपारचे डबे गगनबावड्याच्या सकाळच्या गाडीने येतात. कंडक्टर ते लालासाबांकडे देतो, मुलं कॉलेजला जाताना उचलतात आणि चारच्या आत रिकामे आणून ठेवतात. सध्या चौदा डबे आहेत. बारा वर्षांत एकही हरवलेला नाही.

परत आलेला डबा पाहून कोण जेवलं हे त्यांना कळतं. झाकणाला आमटी वाळलेली असली की पोरगं जेवलं. जुलैत तेजस्वी पडवळचा डबा लख्ख धुऊन यायला लागला. ही अकरावी सायन्सची मुलगी, तिघींबरोबर खोली घेऊन राहणारी. लालासाबांनी तिसऱ्या दिवशी तिला थांबवलं.

“डबा कोण खातंय?”

“मीच की, चाचा.”

“आणि धुतंय कोण?”

“मीच.”

“बारा वर्षांत एका पोरानं डबा धुतल्याला न्हाय. खरं सांग.”

खरं असं होतं की डबा स्टँडमागचं तांबडं कुत्रं खात होतं. नाचणीची भाकरी उघडली की वर्गातल्या मुली “काळी पोळी आली” म्हणत. तेजस्वीचं दुपारचं जेवण म्हणजे चहा आणि क्रीमरोल.

“आईला सांगू नका,” ती म्हणाली. “घरला न्हेईल.”

उद्यापासून खायचं, या अटीवर लालासाबांनी शब्द दिला. आठ दिवस झाकणाला आमटी दिसली. नवव्या दिवशी डबा पुन्हा लख्ख. शब्द मोडावा की पाळावा, हे त्यांचं दोन महिने ठरलं नाही.

सप्टेंबरात कॉलेजात रक्ततपासणी झाली. तेजस्वीचं हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन निघालं. चिठ्ठी घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर तिची आईच गाडीतून उतरली. तेजस्वी डबा घ्यायला आलेली होती.

“पाचला उठून दोन भाकरी थापते,” आई म्हणाली. “कवा मोड आल्याली मटकी, कवा माठाची भाजी, वर शेंगदाण्याची चटणी. डबा रोज रिकामा येतोय. मग रक्त जातंय कुठं? हितलं पाणीच वंगाळ हाय. सामान भर, घरला चल.”

घरी जाणं म्हणजे सायन्स सुटणं.

लालासाबांनी हातातली छत्री बाजूला ठेवली.

“पाणी चांगलं हाय, ताई. डबा ती खात न्हाय.”

“मग कोण खातंय?”

त्यांनी बोट दाखवलं. कुत्रं दुकानासमोरच्या बाकड्याखाली झोपलं होतं. अंगावरचे केस चमकत होते.

“कवापास्नं?”

“जुलैपास्नं. मला ठावं हुतं.”

आईने मुलीकडे पाहिलं, लालासाबांकडे पाहिलं, मग बराच वेळ कुत्र्याकडे पाहिलं.

“ह्याच्या अंगाला लागली माझी मटकी,” ती म्हणाली.

त्यानंतर ती लालासाबांना जे बोलली त्यात ‘भरवशाचा माणूस’ हे शब्द चार वेळा आले. बोलून झाल्यावर ती बाकड्यावर बसली. पाणी वाईट असतं तर मुलीला न्यावंच लागलं असतं. मुलगी खात नसेल तर तिला खायला लावता येतं. हा फरक तिच्या ध्यानात यायला दहा मिनिटं लागली.

तिने डबा उघडला. “बस. हितंच खा, माझ्या म्होरं.”

सकाळी साडेआठला, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तेजस्वीने दोन्ही भाकरी खाल्ल्या. काळी कुणी म्हटलं नाही. एका प्रवाशाने कितीला आहे विचारलं.

“पावणं, ही इकायची न्हाय,” लालासाब म्हणाले.

“दिवाळीपतोर बघते,” आई त्यांना म्हणाली. “दुपारी हितं यिऊन खाईल. तुम्ही बघायचं. वर चहा द्यायचा न्हाय.”

तेव्हापासून तेजस्वी दुपारी दुकानातल्या स्टुलावर जेवते. लोहाच्या गोळ्याही चालू आहेत. दिवाळीआधीच्या तपासणीत दहा पॉइंट चार आलं. बारा हवं, असं डॉक्टर म्हणाले. आकडा घरी कळवला. दुसऱ्या दिवशी कंडक्टरकडून आईचा निरोप आला, “वर्ष पुरं करू दे.” लालासाबांनी तो तेजस्वीला तिची दुसरी भाकरी संपल्यावर सांगितला.